वेळणे खाडीचा जोडवर्ग

पडद्यावरची मी माझ्यापेक्षा बरी शिकवते. तिला ठसका लागत नाही, शब्द आठवेना म्हणून ती छताकडे बघत नाही. ती बावन्न वर्षांची आहे आणि बावन्नचीच राहणार आहे. मी अठ्ठ्याहत्तरची.

"बाई, नीट बघा," रेवती म्हणाली. माझ्या जेवणाच्या टेबलावर चटणीची बरणी बाजूला सारून तिने तो पडदा उभा केला होता. "हे तुम्हीच बोलताय असं वाटतं की नाही?"

"मी हे कधी बोललेले नाही."

"पण बोलला असतात."

"आणि मी साडीला ब्रोच लावत नाही."

"तेवढा काढायला सांगते," ती शांतपणे म्हणाली.

रेवती तांडेल ही आमच्या वेळणे कॉलेजची प्राचार्य. एके काळी माझ्या वर्गात होती. पहाटे वडिलांबरोबर मासळीच्या लिलावाला जाऊन यायची आणि माझ्या तासाला डुलक्या काढायची. जागी असली की मात्र वाद घालायची. आता केस पिकलेत, पण मला अजून बाईच म्हणते.

पडद्यावरची मी भरती-ओहोटी शिकवत होते. रेवतीने खालची एक खूण दाबली आणि माझं तोंड तेच राहून भाषा बदलली. मी पोर्तुगीज बोलायला लागले, पाठीमागची वेळण्याची खाडी जाऊन तिथे आफ्रिकेतलं एक बंदर आलं. तिथल्या मुलांना मी तिथल्या भरतीची वेळ सांगत होते, अगदी अचूक. त्या बंदरात मी आयुष्यात पाय ठेवलेला नाही.

"इथे अंगठा लावायचा," रेवती म्हणाली. "म्हणजे हा कोर्स कायमचा असा होईल. जुन्या चित्रफिती पुसल्या जातील. एका कोर्सची एकच प्रत ठेवतात आता."

मी अंगठा लावला नाही. चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले.

*

साथीच्या वर्षांत सगळं जग घरात बसून शिकायला लागलं, त्याच्या थोडं नंतरची ही गोष्ट. निरनिराळ्या देशांतल्या काही विद्यापीठांनी मिळून 'सहपाठ' नावाचं व्यासपीठ काढलं. कल्पना साधी होती. ज्याच्याकडे जे चांगलं शिकवलं जातं ते त्याने सगळ्यांसाठी ठेवायचं आणि बाकीच्यांचं स्वतः घ्यायचं. द्याल तर घ्याल, हा एकच नियम. आमच्यासारख्या खाडीकाठच्या कॉलेजकडे द्यायला काय असणार? आमच्याकडे समुद्र होता. मी भौतिकशास्त्र शिकवत असे, म्हणून भरती-ओहोटीचा कोर्स माझ्या गळ्यात पडला.

सहपाठचे कोर्स तेव्हा जोडीने चालत. दोन देशांतले दोन शिक्षक, दोन वर्ग, आणि प्रत्येक मुलाला पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक जोडीदार. त्याला जोडवर्ग म्हणत. मुलाने केलेला गृहपाठ जोडीदाराने 'पटलं' म्हटल्याशिवाय धरला जात नसे. त्यामुळे मुलं एकमेकांना अक्षरशः पिडत. मोडक्या इंग्रजीत भांडत, चित्रं काढून पाठवत, रुसत. आमच्या दोन मुलांना त्या भांडणांतून तिकडच्या मित्रांच्या लग्नांची आमंत्रणं आली होती.

माझी जोडीदारीण होती इनासिया माकुआकुआ. मोझांबिकच्या किनाऱ्यावर एका विद्यापीठात शिकवायची. धिप्पाड, डोक्याला रंगीत फडकं, आणि हसली की तिच्याकडचा माईक घरघरायचा. तिच्या खिडकीबाहेर एक कोंबडा होता, तो नेमका मी बोलत असताना आरवायचा. माझ्याकडे वीज जायची. मग मी फोनच्या उजेडात शिकवायचे आणि इनासिया तिच्या मुलांना सांगायची, "शांत बसा, भारतात रात्र झाली." तेव्हा इथे दुपारचा दीड वाजलेला असायचा. पाव, बटाटा, काजू, अननस हे शब्द आम्हा दोघींचे एकच आहेत हे लक्षात आलं, त्या दिवशी आम्ही तास सोडून नुसता बाजारहाट करत बसलो.

पहिल्याच महिन्यात मी मोठी चूक केली, आणि ती सगळ्या वर्गाला पुढे वर्षानुवर्षं तोंडपाठ होती. आमच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा घरगुती हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. माझी आई कालवं काढायला जायची ती घड्याळ न बघता या हिशेबाने. मी तो हिशेब दोन्ही वर्गांना शिकवला. चंद्र एक, समुद्र एक, मग हिशेब वेगळा कशाला असेल, असं मी धरून चालले. एम.एस्सी. झालेली बाई, पण जिथे जन्मले त्या किनाऱ्याचं घड्याळ मी चंद्राच्या हाताला बांधून मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात इनासिया गंभीर चेहऱ्याने पडद्यावर आली.

"नीलिमा, माझी मुलं तीन वाजता धक्क्यावर गेली. पाणी आलं नाही."

"आलं नाही म्हणजे?"

"खेकडे आले. पाणी साडेसातला आलं. अंधार पडत होता. मुलांच्या आया माझ्या दारात आल्या."

माझ्या मुलांनी माझी बाजू घेतली. तिकडच्यांनी घड्याळं चुकीची लावली असणार, तिथी चुकली असणार. तिकडच्यांनी पाण्याचे फोटो पाठवले. आठवडाभर जोडीदार एकमेकांच्या गृहपाठाला 'पटलं' म्हणेनात. आणि त्या भांडणातून मुलांनीच ते शोधलं. भरलेली परात उचलून चालायला लागलं की पाणी हिंदकळतं. हात हलतो तेव्हाच ते काठाला लागत नाही, थोडं मागून लागतं, आणि परातीच्या प्रत्येक काठाला वेगवेगळ्या क्षणी लागतं. समुद्राचंही तसंच. चंद्र ओढतो खरा, पण त्या ओढीने उठलेली लाट कुठल्या किनाऱ्याला कधी पोचेल ते तळाची खोली आणि किनाऱ्याचा आकार ठरवतात. प्रत्येक बंदराचा स्वतःचा उशीर असतो. आमच्या किनाऱ्याचा उशीर असा काही बसला आहे की पाऊणपटीचा हिशेब जुळतो. इनासियाच्या बंदरात त्यात चार-साडेचार तास घालावे लागतात.

पुस्तकात हे एका ओळीत आहे. आमच्या मुलांना ते पुन्हा कधी शिकवावं लागलं नाही.

*

मग सहपाठवर 'सुगम' आलं.

त्यामागचा विचार वाईट नव्हता. मूल शिकताना अडखळतं ते चेहऱ्यावर दिसतं. डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते, बोट पडद्यावर रेंगाळतं, श्वास थबकतो. सुगम हे सगळं वाचतं. एक मूल कुठे अडलं ते कळलं की तो भाग त्याच्यापुरता लगेच बदलून मांडतं. तीनशे विद्यापीठांचे धडे एकत्र करून, लाखो मुलांच्या अडखळण्यावरून सुगम शिकलं, की कुठलं वाक्य कुणाला जड जातं. प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत, त्याच्या गावच्या उदाहरणांनी, त्याच्या गतीने धडा मिळायला लागला, शिक्षकाचा चेहरा तोच ठेवून. मुलं पटापट पास व्हायला लागली. घरी शिकवणारं कुणी नाही अशा मुलांना त्याचा फार आधार झाला, हे मी नाकारत नाही.

पण जोडीदार उरले नाहीत. कुणी अडतच नाही, तर विचारायचं कुणाला? वेळण्याच्या मुलाला वेळण्याची भरती कळत होती, पलीकडच्या मुलीला पलीकडची. दोघांनाही बरोबर उत्तर येत होतं आणि दुसऱ्याचं उत्तर वेगळं आहे याची गंधवार्ता नव्हती. चर्चेची पानं ओस पडली, मग ती बंद झाली. मी निवृत्त झाले. इनासियाशी अधूनमधून बोलणं व्हायचं, मग सणावारी, मग तेही राहिलं. भांडायला मुलं नव्हती, तर आम्हा दोघींकडे तरी काय होतं?

*

मी चहा घेऊन आले तेव्हा रेवती तशीच बसली होती.

"बाई, स्पष्ट सांगते. आपल्या कॉलेजचा सहपाठमध्ये एवढा एकच कोर्स आहे. तो जूनपर्यंत कायमचा सुगममध्ये गेला नाही तर बंद धरतील. मग आपल्याकडे देण्यासारखं काही नाही, आणि घेताही येणार नाही. नर्सिंगची मुलं, बोटीच्या इंजिनांची मुलं, सगळी त्यावर शिकतायत. कुठे पाठवू त्यांना? पुण्याला? कोणाच्या घरी परवडणार आहे?"

"इनासियाने अंगठा लावला?"

"त्या उत्तरच देत नाहीत. दोघींचा लागतो. म्हणून तर तुमच्याकडे आले."

मी त्याच पडद्यावरून इनासियाला फोन लावला. ती दिसली. वाळली होती. डोक्यावरचं फडकं मात्र तसंच. ती बोलली आणि पडद्यातून शुद्ध मराठी आलं, बातम्या सांगावं तसं.

"नमस्कार नीलिमाताई. आपली प्रकृती कशी आहे?"

"हे काय?" मी म्हणाले. तिकडे माझं काय ऐकू गेलं कोण जाणे, तिनेही तोंड वाकडं केलं. दोघींनी एकदमच भाषांतर बंद केलं आणि आमचं जुनं, दोन्ही पाय लंगडणारं इंग्रजी बाहेर काढलं.

"तू म्हातारी झालीस," इनासिया म्हणाली.

"तू आधी झालीस."

"पडद्यातली माझी मी बघितलीस?"

"माझी बघितली. ब्रोच लावते."

"माझी कधी गप्प बसत नाही. विद्यार्थी थांबला की लगेच मदत. मी कधी मदत केली? मी त्यांना बसवून ठेवायची, घाम येईपर्यंत." ती हसली आणि माईक घरघरला. "मी अंगठा नाही देत. ती बाई मला आवडत नाही."

"इकडे कॉलेज बुडेल, इनासिया."

तिने डोक्यावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "कोर्स चालू पाहिजे, इतकंच ना? आपण दोघी मेलो नाही. आपण चालवू."

मी रेवतीकडे बघितलं. तिने कपाळाला हात लावला. "नियमात बसतं," ती नाइलाजाने म्हणाली. "माणूस स्वतः शिकवत असेल तर सुगमची सक्ती नाही. कोणी करत नाही आता. पण पहिल्या महिन्याच्या शेवटी निम्मी मुलं टिकलेली लागतात. नाही टिकली तर कोर्स बंद, आणि तोवर अंगठ्याची मुदतही संपलेली असेल. मग काहीच हातात नाही."

फोन ठेवल्यावर रेवतीने पडदा आडवा ठेवला.

"बाई, रागावू नका. हे मुलांसाठी आहे की तुमच्या आठवणींसाठी?"

मला झोंबलं, कारण तिचं खरं होतं. मला तो कोंबडा हवा होता. फोनच्या उजेडातला तास हवा होता. त्यासाठी दुसऱ्यांच्या मुलांचं वर्ष पणाला लावायचा मला काय अधिकार?

"रेवती," मी म्हणाले, "तुला जाग आली की तू काय म्हणायचीस आठवतं? 'बाई, हे पटत नाही.' तुझ्या कॉलेजातलं कुणी अलीकडे तुला असं म्हणालंय?"

तिने आठवून बघितलं. खोटं बोलायची तिची पद्धत नाही.

"नाही," ती म्हणाली. "पण निम्म्यांच्या खाली गेली तर मी तुम्हाला माफ करणार नाही, आधीच सांगून ठेवते."

*

जूनमध्ये आम्ही जोडवर्ग सुरू केला. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले.

मुलं चांगली होती, नम्र होती. पण त्यांना अडायची सवय नव्हती. मी एखादा शब्द शोधायला थांबले की ती पडद्याकडे बघत राहायची, आता हे सोपं होईल म्हणून. ते सोपं व्हायचं नाही. मग एकेक चेहरा हळूच नाहीसा व्हायचा. तिकडे इनासियाचीही तीच तऱ्हा. जोडीदाराशी काय बोलायचं हेच मुलांना कळत नव्हतं. "हॅलो, तुझं उत्तर छान आहे, पटलं," एवढं लिहून मोकळी.

रेवती रोज संध्याकाळी फोन करायची. "आज आणखी गेली, बाई." दुसरं काही बोलायची नाही.

इनासियाने सुचवलं, "तुझी जुनी चूक कर. खेकडे येऊ दे."

मी नाही म्हटलं. चूक ठरवून करणं म्हणजे नाटक. मी मुलांना पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं, प्रत्येक बंदराचा उशीर वेगळा. वेळण्याचा पाऊणपटीचा हिशेबही सांगितला. गृहपाठ एवढाच दिला, की आपापल्या धक्क्यावर जाऊन वेळ बघून या. मला वाटलं, एक उपचार होऊन जाईल.

तिसऱ्या आठवड्यात सानिका टिकम नावाची मुलगी तासाला बोलली. त्याआधी तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मॅडम, ऑर्लांदो माझा गृहपाठ पटवून घेत नाय."

ऑर्लांदो तिचा जोडीदार. तो लगेच म्हणाला, "हिने लिहिलेली वेळ तुमच्या हिशेबाशी जुळत नाही. मी म्हटलं परत जा. ती परत गेली. पुन्हा तेच लिहिलं."

"किती फरक आहे?" मी विचारलं.

"पाऊण तास उशिरा, मॅडम. जुन्या धक्क्यावर. रोज."

मी हसले. "अगं, तिथी बघताना चुकली असशील."

"तिथी बरोबर आहे."

"मग पाणी चढायचं थांबलं कधी ते नीट कळलं नसेल. ते सवयीने कळतं."

तिचा चेहरा लाल झाला. "मॅडम, पाणी मी बघितलंय. तुम्ही बघितलंत का?"

कुणी शिक्षकाला असं बोलल्याचं त्या मुलांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. गुडघे गेल्यापासून मी जुन्या धक्क्यावर उतरले नव्हते. भरतीची वेळ मी तिथीवरून सांगत आले होते, सुगमही जुन्या नोंदींवरून तीच सांगत होतं, आणि आम्हा दोघांचं जुळत होतं म्हणून पाण्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "मी बघितलेलं नाही."

"वेळण्यातल्या बाकीच्यांचं काय?" इनासियाने विचारलं. "तुमच्या वेळा तर बरोबर जुळल्या होत्या."

वेळण्याची मुलं इकडेतिकडे बघायला लागली. मग एक जण म्हणाला, "आम्ही गेलोच नव्हतो. हिशेबावरून लिहिलं."

पुढच्या तासाला ती सगळी जाऊन आली होती. कुणाचा पाऊण तास, कुणाचा थोडा कमी. पण उशीर सगळ्यांचाच. वेळण्याच्या खाडीतलं पाणी उशिरा येत होतं.

"का?" सानिकाने विचारलं.

इनासिया पडद्यातून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की मी मुलांना घाम फोडतेय.

"नीलिमा, कारण काय?"

"मला माहीत नाही."

"खरंच?"

"खरंच माहीत नाही, इनासिया."

सुगम शिकवत नसलं तरी पडद्याच्या कडेला एकेका मुलाच्या नावापुढे अडखळल्याचा पिवळा ठिपका असतो, ते सगळे ठिपके पेटलेले होते, दोन्ही किनाऱ्यांवरचे. मी नावं मिटायची वाट बघत होते. एकही मिटलं नाही.

मग ऑर्लांदो म्हणाला, "तुमच्या खाडीचं तोंड कुणी अरुंद केलंय का?"

"नव्या बंदराचा बांध झालाय," वेळण्यातून कुणीतरी म्हणालं. "त्याला पाच वर्षं झाली."

"बांधामुळे कसं होईल? समुद्र तोच आहे."

"बाटलीत पाणी भर आणि बघ. तोंड लहान तर वेळ जास्त."

"मग बाहेर, उघड्या समुद्रावर वेळ जुनीच असायला हवी. बघितली का कुणी?"

"नाय बघितली."

"मग तुझं 'कसं होईल' मी पटवून घेणार नाही."

"तू नको घेऊ. तू येऊन बघ."

"वाळू साचली असेल तर? बांधच कशावरून?"

दोन किनारे एकमेकांत बोलत होते आणि आमच्या दोघींकडे कुणाचं लक्ष नव्हतं. इनासियाने तिच्याकडचा माईक बंद केला. मीही केला.

मागे दार वाजलं. रेवती आत आली होती. तो महिन्याचा शेवटचा तास होता.

"बाई," ती खालच्या आवाजात म्हणाली, "मुलं निम्म्याच्या वर आहेत. परवा गेलेल्यांतली काही आज परत आलीत." मग तिने पडद्याकडे बघितलं, थोडा वेळ ऐकलं, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली. "बांध नाही, वाळूच आहे," ती म्हणाली. "मला विचाराल तर."

"तुला कोण विचारतंय? बघायला लागेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीवर गेलो. मुलांचे तीन गट केले. एक बांधाच्या बाहेर उघड्या समुद्रावर, एक खाडीच्या तोंडाशी, एक आत जुन्या धक्क्यावर. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. एका बाजूने रेवतीने मला धरलं, दुसऱ्या बाजूने सानिकाने, आणि मी चपला काढून चिखलात उतरले. इनासिया सानिकाच्या हातातल्या फोनवर होती. फोन हलवू नका म्हणून ती सारखी ओरडत होती.

त्या दिवशी चतुर्थी होती. तीन वाजले.

"बाहेर थांबलं," समुद्रावरच्या गटाचा निरोप आला. "मॅडम, इथे पाणी तुमच्या वेळेवर थांबलं."

मी खाली बघितलं. माझ्या हिशेबाने आता इथलंही पाणी थांबायला हवं होतं. ते घोट्यांवरून वर सरकत होतं, गार, गढूळ, कसलीही घाई नसलेलं.

"काय होतंय तिथे?" इनासियाने विचारलं.

"चढतंय," मी म्हणाले. "अजून चढतंय."